मांजराला कोणत्या जिल्ह्यात दाखवावं?

कनेरगाव नाक्यावर आजारी पडायचं असेल तर आधी दिशा ठरवावी लागते. एका हाताला हिंगोली, दुसऱ्या हाताला वाशिम, आणि दोन्हीकडे जायला वेळ जवळजवळ सारखाच. इतर गावांत माणसाला ताप आला की लोक विचारतात, "किती आहे?" आमच्याकडे विचारतात, "कुठं नेताय?" हिंगोली म्हणालात की वाशिमवाला गट मान हलवतो, "तिकडं काय राहिलंय आता?" वाशिम म्हणालात की हिंगोलीवाला गट हेच वाक्य याच सुरात म्हणतो. रोग्याची चौकशी त्यानंतर, वेळ उरला तर.

याला इतिहास कारण आहे, आणि इतिहास शिकवण्यात माझी नोकरी गेली असल्यामुळे तो सांगितल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचं राज्य आणि पलीकडे वऱ्हाड. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं आणि १९०२ मध्ये ते कायमच्या भाडेपट्ट्यानेच देऊन टाकलं. म्हणजे कागदावर वऱ्हाड निजामाचं आणि कारभारात इंग्रजांचं. पुढे इंग्रज गेला, निजाम गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी पूल ओलांडला की माणूस अजूनही मराठवाड्यातून विदर्भात जातो. अलीकडच्या माणसाचा बांधाचा खटला वाढत गेला तर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात पोचतो, पलीकडच्याचा नागपूरला. बांध दोन्हीकडे सारखाच कोरलेला असतो.

आमचा बोका मन्या हा असाच वऱ्हाड आहे. कागदावर आमचा, कारभारात शेजाऱ्यांचा. दूध आमच्याकडे पितो, अंडी शेजारी खातो, दुपारची झोप कृषी केंद्रातल्या खताच्या थप्पीवर काढतो आणि रात्री कुठे असतो ते त्याचं त्याला ठाऊक. तक्रारी मात्र झाडून सगळ्या आमच्या पत्त्यावर येतात.

असा हा मन्या एका सकाळी अर्धा गाल सुजवून घरी आला. एक डोळा मिटलेला, मान वाकडी, आणि दुधाच्या वाटीकडे त्याने अशा नजरेने पाहिलं की ती वाटी मीच पाण्याने वाढवली आहे हे त्याला कळलं असावं. दुपारपर्यंत तो जेवला नाही. मग मात्र घरात हालचाल सुरू झाली. मी अडीच दिवस जेवलो नसतो तरी एवढी झाली नसती.

मी हॉटेलात जाऊन विषय काढला. "बोक्याला डॉक्टर पाहिजे."

हॉटेलवाल्याने गाळणी हवेतच धरली. "सर, म्हशीला म्हणायचं असंल तुम्हाला."

"बोक्याला."

"दूध देतो का?"

"बोका दूध कसा देईल?"

"मंग डॉक्टर कामून?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या भागात जनावर म्हणजे जे दूध देतं, औत ओढतं किंवा बाजारात विकलं जातं. लाल कंधारी बैलाने एक वेळ कडबा तोंडात धरला नाही तर अख्खी आळी गोठ्यात जमते. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा लोक स्वतःच्या जेवणाआधी गुरांच्या अंगावरून हात फिरवून गाठी शोधायचे. कुत्र्यालासुद्धा राखणीच्या खात्यावर थोडा मान आहे. मांजर मात्र कुठल्याच खात्यात बसत नाही.

सरकारही या बाबतीत हॉटेलवाल्याच्या बाजूचं आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एकविसावी पशुगणना सुरू झाली. प्रगणक घरी आले. गाय? नाही. म्हैस? नाही. शेळी, मेंढी, डुक्कर? नाही. त्यांची यादी लांबलचक होती. तीत घोडा, खेचर, गाढव, उंट, ससा होता, कुत्रा होता, ईशान्येतला मिथुन आणि हिमालयातला याक होता, इतकंच काय, हत्तीही होता. मी म्हणालो, "मांजर आहे." ते म्हणाले, "मांजर यादीत नाही, सर." मन्या त्या वेळी त्यांच्याच पिशवीवर पाय पसरून झोपला होता. कनेरगाव नाक्यावर हत्ती निघाला असता तर त्याची दिल्लीपर्यंत नोंद झाली असती. ज्याला उठवल्याशिवाय प्रगणकांना पिशवी मिळेना, तो मात्र सरकारदरबारी नव्हताच.

तर प्रश्न होता डॉक्टरचा. हॉटेलात डॉक्टर सोडून सगळे हजर होते. एकाने हळद आणि तेल सांगितलं. दुसऱ्याने चुना. तिसऱ्याने नजर उतरवायला सांगितलं, बोक्याला नजर कोणाची लागणार, असं विचारल्यावर तो म्हणाला, "दुसऱ्या बोक्याची." माणसांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले एक कंपाउंडर थेट घरीच आले. त्यांनी मन्याच्या बगलेत थर्मामीटर धरला, वर उजेडात पाहिला आणि जाहीर केलं, "एकशे एक! ताप आहे. अर्धी पॅरासिटामॉल द्या, घाम येऊन उतरंल."

आमची ही वाशिमकडची. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "काही देऊ नका त्याले. आधी डॉक्टरले विचारा."

"वहिनी, तीस वर्षं हेच केलं मी."

"माणसाइले केलं. माणसं बोलतात तरी."

कंपाउंडर थर्मामीटर झटकत निघून गेले. जाताना "तुमची मर्जी" हे दोन शब्द त्यांनी अशा आवाजात उच्चारले की मन्याची तेराव्याची तयारी सुरू करायला हरकत नव्हती.

कृषी केंद्रवाला त्यातल्या त्यात व्यवहारी. तो म्हणाला, "सर, १९६२ ला फोन लावा. जनावरांसाठी सरकारी फिरता दवाखाना आहे, त्याचा नंबर आहे." १९६२ हा आकडा ऐकला आणि माझ्यातला शिक्षक जागा झाला. मी नेफापासून सुरुवात केली. लडाख झालं, कृष्ण मेनन यांचा राजीनामा झाला, यशवंतराव मुंबईहून दिल्लीला निघाले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला पोचला तेव्हा मान वर करून पाहिलं, तर हॉटेलात मी, हॉटेलवाला आणि माझं थकलेलं बिल एवढेच होतो. फोन लावायचा राहूनच गेला.

मग रीतसर डॉक्टर निवडायला बसलो. आमच्याकडे डॉक्टर पारखण्याच्या काही ठरलेल्या कसोट्या आहेत आणि त्या गुरांच्या, माणसांच्या आणि दातांच्या डॉक्टरांना सारख्याच लागू होतात.

पहिली कसोटी सुई. सुई मारत नाही तो डॉक्टर नव्हे. "नुसतं तपासलं अन् पाठवून दिलं" ही आमच्याकडे तक्रार आहे. डॉक्टरने काही झालेलं नाही असं सांगितलं तर माणूस फसवला गेल्याच्या भावनेने घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी ज्याला काहीतरी सापडेल अशाकडे जातो.

दुसरी कसोटी पाहुणा. डॉक्टरच्या पाटीवर पदवी कोणती हे कोणी वाचत नाही. डॉक्टरची सासुरवाडी कोणती हे विचारतात. सेनगावच्या मावशीच्या जावयाच्या चुलतभावाकडून धागा जुळला की औषध लागू पडायला सुरुवात होते. "आपला माणूस आहे" असं म्हणत जायचं आणि परत येताना "आपला असून फी घेतली" असं म्हणत यायचं.

तिसरी कसोटी फी. फुकटचं औषध लागत नाही, हे आमच्याकडे सिद्ध झालेलं शास्त्र आहे. म्हणून सरकारी दवाखान्याचं नाव काढलं की लोक आदराने गप्प बसतात. फार फी घेणारा लुटारू. योग्य फी म्हणजे जिचा आकडा चारचौघांत सुस्कारा सोडून सांगता येतो ती.

आणि चौथी, सगळ्यांत कडक कसोटी म्हणजे अंतर. डॉक्टर जितका लांबचा तितका हुशार. ही मला आमच्या शेजाऱ्यांनी शिकवली. त्यांच्याकडे टायगर नावाचा लॅब्राडॉर आहे. मन्या अंगणात दिसला की टायगर पलंगाखाली जातो, पण त्याची वैद्यकीय प्रतिष्ठा मोठी आहे.

"आम्ही नांदेडच्या खाली उतरतच नाही," शेजारी म्हणाले. "साधं नख कापायचं असलं तरी नांदेड."

"इथं जवळ कोणी..."

"जवळ?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी टायगरला शिळी भाकरी पुढे केली आहे. "सर, जीवाचा प्रश्न आहे."

हे ऐकून हॉटेलातल्या मंडळींना स्फुरण चढलं आणि मन्यासाठी अंतराचा लिलाव सुरू झाला. एकाने परभणी पुकारली. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ पासूनचं आहे. दुसऱ्याने अकोल्याची पदव्युत्तर संस्था सांगितली. आमच्या स्टेशनावरून रेल्वे सरळ जाते, २००८ मध्ये ब्रॉडगेजही झाली, मग ती काय नुसती माणसांसाठी? तिसऱ्याने नागपूर काढलं, कारण पशु व मत्स्य विज्ञानाचं विद्यापीठच तिथं आहे. चौथा एकदम मुंबईत परळला पोचला, १८८६ च्या कॉलेजात. शेवटी मोबाइलवर बातम्या वाचणाऱ्या एका पोराने सगळ्यांना गप्प केलं. "महालक्ष्मीला टाटांनी २०२४ मध्ये कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढलाय. एकशे पासष्ट कोटींचा."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग हॉटेलवाला म्हणाला, "तिथं माणसाला घेतात का?"

या सगळ्यात मन्याला काय दुखतंय, हा मुद्दा मागे पडला होता. तो घरी खताच्या रिकाम्या गोणीवर बसून एका डोळ्याने आमच्याकडे पाहत होता. आमच्यापैकी कोणाचाही इलाज झाला नाही तर बरं, असा त्याचा चेहरा होता.

रात्री घरात शिखर परिषद झाली.

"वाशिमले न्या," ही म्हणाली. "माझा भाऊ आहे तिथं. तो बरोब्बर दाखवून देईल."

"हिंगोलीला माझा चुलतभाऊ आहे."

"त्यानं मागच्या वर्षी स्वतःचा चांगला दात काढून आणला अन् किडका ठेवला."

"आणि तुझ्या भावाने..."

"माझ्या भावाचं नाव काढून राहिले तुम्ही?"

परिषद तिथेच संपली. अखेर आम्ही कोणत्या गावाला गेलो ते मी इथे लिहीत नाही. मला या घरात अजून बरीच वर्षं काढायची आहेत.

दुसऱ्या दिवशी प्रश्न आला वाहतुकीचा. मांजर न्यायच्या जाळीदार पेट्या शहरात मिळतात, असं म्हणतात. आमच्याकडे कोंबड्या झाकायचं डालगं होतं; ते मन्याने आतून एका धडकेत उलटं केलं आणि डालग्यासकट ओसरी ओलांडली. मग शेजारच्यांनी एक जुनं बारदान आणून दिलं. चांगलं हवेशीर, सैल विणीचं. मन्याला त्यात घालण्याचा कार्यक्रम पाहायला गल्लीतली पोरं ओट्यावर बसली. कार्यक्रम संपला तेव्हा मन्या बारदानात होता आणि माझे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत मोडी लिपीत लिहिलेले होते.

एक तपशील घाईत सुटला. आमचा जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, हिंगोलीच्या बाजारात हंगामात हळदीचे डोंगर लागतात. साहजिकच या जिल्ह्यातल्या कोणत्याही जुन्या बारदानात आधी काय होतं, हे वेगळं विचारावं लागत नाही. विचारावं लागत नाही, म्हणून कोणी विचारलं नाही.

काळी-पिवळीत बसलो. ड्रायव्हरने विचारलं, "सर, पोत्यात काय हाय?"

"मांजर."

"जित्तं?"

मन्याने स्वतःच उत्तर दिलं. शेजारची बाई दचकून दाराकडे सरकली. "अगं माय! मांजर आडवं गेलं तर काम होत नाही म्हणतात, अन् मी तर पोरीचं स्थळ पाहायला चालले."

मागच्या सीटवरच्या एका जाणत्या म्हाताऱ्याने निवाडा दिला. "आडवं कुठं चाललंय? ते आपल्यासंगं उभं चाललंय. उभ्या मांजराला दोष नाही."

बाईचं समाधान झालं. ड्रायव्हरचं झालं नव्हतं. त्याने एका लिंबा-मिरचीवर भागत नाही म्हणून वाटेत दुसरी बांधून घेतली.

शहरातला तो दवाखाना खासगी होता. आत थंडगार हवा, भिंतीवर गुबगुबीत पिल्लांची चित्रं, बाकांवर पट्ट्याला बांधलेली कुत्री आणि कुत्र्यांना बांधलेली माणसं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंटचं नाव?"

"मन्या."

"पूर्ण नाव?"

मी गोंधळलो. तिने माझं आडनाव विचारून ते मन्याच्या पुढे लिहिलं. आमच्या घराण्यात संगणकावर फाइल झालेला मन्या हा पहिलाच. मीही अजून कागदावरच आहे. थोड्या वेळाने तिने आतून हाक मारली, "मन्याचे पप्पा कोण आहेत?"

मी इकडेतिकडे पाहिलं. कोणीच उठेना. "मन्याचे पप्पा?" तिने पुन्हा विचारलं. तेव्हा कोपऱ्यात पॉमेरेनियन मांडीवर घेऊन बसलेला एक तरुण उठला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, मला ओळखलं नाही? दहावीला तुम्हीच होतात इतिहासाला." मग खालच्या आवाजात, "सर, पप्पा तुम्हीच का?"

ज्याला मी पानिपतच्या सनावळीसाठी बाकावर उभं केलं होतं, त्याच्यासमोर मी बोक्याचा बाप म्हणून उभा राहिलो.

डॉक्टरांनी टेबलावर बारदान मोकळं केलं. आतून मन्या बाहेर आला. तो मुळात पांढरा आहे. बाहेर आला तो नखशिखांत पिवळाधमक. डॉक्टर एकदम गंभीर झाले.

"कावीळ! केव्हापासून आहे?"

"आज सकाळपर्यंत नव्हती."

त्यांनी मन्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. हिरड्या गुलाबी. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढली. तिथेही पिवळं काही नाही. मग त्यांनी स्वतःचे हातमोजे पाहिले आणि ते नाकाजवळ नेले.

"हळद?"

"हळद."

"लग्न होतं का याचं?"

ताप मोजायला त्यांनी थर्मामीटर काढला. मी तत्परतेने मन्याचं तोंड धरलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तिकडून नाही. दुसरीकडून." पुढच्या अर्ध्या मिनिटात मन्याने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरलो आहे असं मी घरी सांगतो.

"एकशे एक पॉइंट आठ," डॉक्टर म्हणाले. "नॉर्मल. मांजराचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं. साडेशंभर ते साडेएकशेदोन यात काळजीचं काही नाही."

मी कंपाउंडरांच्या अर्ध्या गोळीचा उल्लेख केला. डॉक्टरांच्या हातातली पेन्सिल थांबली. "दिली नाही ना? पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. आपलं यकृत ती निकामी करून बाहेर टाकतं, मांजराच्या यकृताला ते जमत नाही. अर्ध्या गोळीतही जीव जाऊ शकतो." हे घरी जसंच्या तसं सांगायचं की नाही, याचा मी वाटभर विचार केला. सांगितलं असतं तर पुढची दहा वर्षं घरातली सगळी औषधं हिच्या ताब्यात गेली असती. न सांगताही गेलीच.

गालाचं कारण दोन मिनिटांत निघालं. बोक्यांच्या मारामारीत सुळा बारीक आणि खोल घुसतो. वरची जखम लगेच मिटते आणि आत पू साठत राहतो. डॉक्टरांनी गळू फोडलं, धुतलं, एक इंजेक्शन दिलं, पाच दिवसांचं औषध लिहून दिलं आणि पुढच्या खेपेला रेबीजची लस घ्या, ती दरवर्षी द्यावी लागते, असं बजावलं. सुई मारली म्हणताच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

"फार लांबून आलात," ते म्हणाले. "हे तर तुमच्याकडच्या सरकारी डॉक्टरांनीही केलं असतं. आम्ही परभणीला एकाच वर्गात होतो. साडेपाच वर्षं म्हशीपासून मांजरापर्यंत तेच शिकलो."

"मग तुम्ही त्यांच्यापेक्षा वेगळं काय केलं?"

"मी फी घेतली."

उत्तर इतकं सरळ होतं की मी न कुरकुरता पैसे दिले. निघताना त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. "हे याने केलं? मग आता तुमचं बघा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि आजच्या आज सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. फुकट मिळते. आज, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दर वेळी दोन्ही दंडांत."

हिशेब सरळ होता. आजारी मन्या, त्याला एक सुई. धडधाकट मी, मला आठ.

नाक्यावर उतरलो तेव्हा मन्याची प्रकृती विचारायला कोणी थांबलं नाही. माझीच बातमी पुढे गेली होती. "सरांना पिसाळलेलं मांजर चावलं" इथपासून तिची सुरुवात होती आणि मी पोचेपर्यंत मी पाण्याला घाबरायला लागलो होतो. हॉटेलवाल्याने खात्रीसाठी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि दोन पावलं मागे सरकला. मी तो गटागटा प्यालो. मागच्या बाकावरून कोणीतरी निराशेने उसासा टाकला.

"चौदा घ्यावी लागतील," एक जण म्हणाला. "बेंबीभोवती. माझ्या आजोबांनी घेतली होती."

मी सांगितलं, ती जुनी लस. कसौलीला डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये काढलेली, आणि ती बंद होऊनही वीस वर्षं झाली. पण चौदा या आकड्यावर लोकांचा इतका जीव आहे की चार खेपा ऐकून त्यांना लस भेसळीची वाटली. मग मूळ चर्चेला तोंड फुटलं: सरांनी सुया घ्यायच्या कुठं, हिंगोलीला की वाशिमला? या प्रश्नावर दोन चहा झाले. माझं मत कोणी विचारलं नाही.

शेजाऱ्यांनी टायगरच्या साखळीला हिसका देत फक्त एवढंच विचारलं, "जाऊन-येऊन किती किलोमीटर झालं?" मी आकडा सांगितला. त्यांनी सहानुभूतीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या. पहिलंच मांजर आहे तुमचं."

एक गोष्ट मात्र मी हॉटेलात सांगायला नको होती. डॉक्टरांनी म्हटलं होतं की बोका रात्री भटकतो, भांडतो, त्यावर उपाय म्हणून त्याची नसबंदी करून घ्या. हे वाक्य संपलं आणि हॉटेलातला सगळा पुरुषवर्ग एकदम गंभीर झाला. आयुष्यभर दर हंगामात गोऱ्ह्यांना चिमटा लावून बैल करणारे शेतकरी तिथं होते. त्यांनीही चहाच्या कपात नजर खुपसली.

"नको सर," हॉटेलवाला शेवटी म्हणाला. "त्याचंही काही आयुष्य आहे."

"पाहिजे तं दुसरं मत घ्या," दुसरा म्हणाला. "नागपूरला."

आठवडाभरात मन्याचा गाल बसला. हळद उतरायला जास्त दिवस लागले. तेवढ्या काळात त्याला पाहून एका म्हातारीने हात जोडल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. तो पुन्हा शेजारी अंडी खाऊ लागला, टायगर पुन्हा पलंगाखाली राहू लागला, आणि नाक्यावर माझा एक नवा लौकिक झाला. प्राण्यांच्या डॉक्टरांबद्दल काही विचारायचं असेल तर लोक म्हणू लागले, "सरांना विचारा. सर जाऊन आलेत."

लौकिक पेलावा लागतो. परवा वरच्या आळीतला एक शेळ्या राखणारा ओट्याशी येऊन उभा राहिला. "सर, शेळीचं पोट फुगलं होतं..." एवढंच तो बोलला आणि मी त्याला हाताने थांबवलं. म्हणालो, बाबा रे, डॉक्टर निवडणं हे शास्त्र आहे. सुई, पाहुणा, फी आणि अंतर या चार अंगांनी त्याचा विचार करावा लागतो. जवळचा डॉक्टर हा शेवटचा पर्याय समजायचा. वाशिम आणि हिंगोली यांत घरचं वातावरण पाहून निर्णय घ्यायचा. शेळी न्यायला बारदान वापरू नकोस; वापरलंस तर आधी झटकून घे. परभणीचं कॉलेज १९७२ चं...

त्याने बराच वेळ मान डोलावली. मग मी श्वास घ्यायला थांबलो, तेव्हा म्हणाला, "तसं नाही सर. शेळीला कालच आपल्या सरकारी डॉक्टरनं औषध पाजलं. रात्रीच चरायला लागली. मी तं निस्तं मन्या कसा हाय म्हणून विचारायला आलतो."

मन्या बरा आहे, असं मी त्याला सांगितलं. पण माझं व्याख्यान तेव्हा कुठे परभणीला पोचलं होतं. अकोला, नागपूर, परळ आणि महालक्ष्मी अजून बाकी होतं. मी त्याला ओट्यावर बसवलं, आत चहा सांगितला आणि पुढच्या गाडीला लागलो.